वाचकांचे प्रश्न : अर्ध्या मिनिटात ८५ अंश

प्रश्न : माझं लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंगचं काम आहे. खोली वरच्या मजल्यावर, दुपारी स्लॅब नुसता भाजतो. कॉम्प्युटरमध्ये दोन पंख्यांचं जीटीएक्स १०६०, ६ जीबी ग्राफिक्स कार्ड आहे, सेकंडहँड घेतलेलं. हल्ली रेंडर (एडिट केलेल्या व्हिडिओची अंतिम फाइल बनवणं) लावलं की अर्ध्या मिनिटात तापमान ८५ च्या वर जातं, मग ९३. पंखे घोंगावतात, कधी स्क्रीन काळी होते, पण कॅबिनेटचे दिवे चालूच. रेंडर थांबवलं की आकडा लगेच साठीत. कॅबिनेटची बाजू उघडून टेबलफॅन लावला तर जेमतेम ३ अंशांचा फरक पडला. ब्लोअरने धूळ काढून झाली. दुकानदार म्हणतो, कार्ड गेलं, नवीन घ्या. लग्नसराई तोंडावर आहे. काय करू?
— एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : नवीन कार्डाचा विचार तूर्त बाजूला ठेवा. तुमच्या पत्रात उत्तर जवळजवळ लिहिलेलंच आहे: अर्ध्या मिनिटात चढतं आणि थांबवताच उतरतं.

धुळीने हीटसिंक (चिपवरची उष्णता ओढून हवेत सोडणारा धातूच्या पात्यांचा ठोकळा) चोंदला असेल किंवा कॅबिनेटमधली गरम हवा बाहेर पडत नसेल, तर आकडा हळूहळू चढतो. दहा-पंधरा मिनिटं लागतात, कारण आधी अख्खा हीटसिंक तापावा लागतो, आणि उतरतानाही तो तितकाच रेंगाळतो. तुमच्याकडे चिप तापते, पण ती उष्णता हीटसिंकपर्यंत पोचतच नाही. टेबलफॅनने फरक पडला नाही तो याचमुळे. बाहेर कितीही वारा घाला, उष्णता बाहेर आलीच नाही तर वारा नेणार काय? खात्री हवी असेल तर स्क्रीन काळी झाल्यावर कॉम्प्युटर बंद करा, प्लग काढा आणि हीटसिंकच्या पात्यांना बोट लावून बघा. चिप नव्वदीत असताना पाती कोमट लागली, तर दोष मधल्या थर्मल पेस्टचा, म्हणजे चिपची उष्णता हीटसिंककडे नेणाऱ्या लेपाचा.

१०६० हे २०१६ चं कार्ड. त्याची चिप बनवणाऱ्या एनव्हिडिया कंपनीने त्याची कमाल मर्यादा ९४ अंश दिली आहे, म्हणजे तुम्ही काठावर आहात. शिवाय सेकंडहँड. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग (ग्राफिक्स कार्डं चालवून नाणी मिळवणं) बंद झालं, तेव्हा अहोरात्र राबलेली कार्डं ढिगाने बाजारात आली. तुमचं त्यातलंच असेल असं मी म्हणत नाही, पण माझ्या टेबलावर येणाऱ्या या वयाच्या कार्डांत मूळ पेस्ट जुन्या चुन्याच्या पोपड्यांसारखी निघते.

आता काम. कार्ड काढण्याआधी पाच-दहा मिनिटं चालवून कोमट करा, पेस्ट सैल होते. मग कॉम्प्युटर बंद, प्लग बाहेर, आणि पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवा. कार्डाला वीज देणारी सहा पिनांची वायर काढा, कॅबिनेटला कार्ड धरून ठेवणारा स्क्रू काढा, मदरबोर्डच्या स्लॉटच्या टोकाची खिट्टी दाबा आणि मगच कार्ड उचला. ती खिट्टी विसरून ओढलेलं कार्ड स्लॉटसकट माझ्याकडे आलेलं आहे.

मागच्या बाजूला चिपभोवती चौकोनात चार स्क्रू असतात, बहुतेकदा स्प्रिंगवाले. ते तिरपे-तिरपे, थोडे थोडे सैल करा. लावतानाही तसेच. एक कोपरा आधी घट्ट आवळला तर चिपचा कोपरा टवका होऊन उडू शकतो, आणि त्यावर इलाज नाही. हीटसिंक सरळ ओढू नका, हलकेच पिळून सोडवा आणि पंख्याची बारीक वायर अजून जोडलेली आहे हे ध्यानात ठेवा. प्रत्येक टप्प्यावर मोबाइलने फोटो काढा.

आत चिपवरच्या पेस्टशिवाय मेमरीच्या चिप्सवर मऊ पॅड दिसतील. ते शाबूत असतील तर हात लावू नका. फाटले तर त्याच जाडीचे घ्या. गिऱ्हाईक हौसेने ‘भारी’ म्हणून जाड पॅड लावतात, मग हीटसिंक चिपवरून उचलला जातो आणि तापमान आधीपेक्षा वाढतं. तुम्हाला दिसणारा आकडा फक्त मुख्य चिपचा आहे, मेमरीचा नाही, म्हणून पॅडची हेळसांड लगेच कळतही नाही.

जुनी पेस्ट ९९ टक्क्यांच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा. नेलपॉलिश रिमूव्हर नको, सॅनिटायझर नको. ग्राफिक्स कार्डाची चिप उघडी असते, प्रोसेसरसारखं वर धातूचं झाकण नसतं. म्हणून मध्ये ठिपका टाकून नशिबावर सोडू नका. पातळ थर चारही कोपऱ्यांपर्यंत पसरा. पेस्ट वीज न वाहणारी हवी. लिक्विड मेटलचे (वीज वाहणाऱ्या द्रव धातूचे) व्हिडिओ बघून मोहात पडू नका. छोटी ट्यूब काही शेकड्यांत एम. जी. रोडला मिळेल.

कार्ड उघडलंच आहे तर पाती आणि पंख्यांमधली धूळही काढा. बाहेरून ब्लोअर मारला की ती पुष्कळदा आतच दबते. हवा मारताना पंखा बोटाने धरा, फिरू देऊ नका. पेट्रोल पंपाच्या हवेत पाणी असतं, तिकडे जाऊ नका. आणि खोलीत देव्हारा असेल, धूप-अगरबत्ती रोजची असेल, तर धूळ चिकट होऊन बसते; सिंहस्थाच्या कामांच्या धुळीत त्याची भर. ती ब्रशनेच सुटते.

दुकानदार करून देणार असेल तर समोर बसून करून घ्या. नुसतं ‘सर्व्हिसिंग’ म्हणजे कित्येकदा बाहेरून फुंकर.

एवढं झाल्यावर रेंडरला आकडा सत्तरीत यायला हवा. त्याखाली फारसं जाणार नाही, कारण खोलीच ३८-४० असेल तर कार्डाला तिथूनच सुरुवात करावी लागते. सीझनपुरता आधार म्हणून एमएसआय आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमध्ये पॉवर लिमिट (कार्डाने जास्तीत जास्त किती वीज घ्यायची ती मर्यादा) ८० टक्के करा. हे कार्ड १२० वॉटचं, ते ९६ वर येईल. रेंडरच्या वेगात घट होते, पण ती पंख्यांच्या घोंगावण्याइतकी जाणवत नाही. मोठी रेंडर रात्री लावा. नाशिकची रात्र मे महिन्यातही बरीच उतरते. कॅबिनेट टेबलाच्या बंद खणात असेल तर बाहेर काढा.

इतकं करूनही स्क्रीन काळी झाली आणि तेव्हा आकडा सत्तरीतच असेल, तर मात्र तापमानाचा विषय संपला. सहा पिनांची वायर, मग दुसरा एसएमपीएस (कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा) लावून बघा. त्यानंतरच नवं कार्ड.

प्रश्न : मुलाचं आरटीएक्स २०६० कार्ड गेम खेळताना ८३ अंशांवर जाऊन थांबतं, पुढे वाढत नाही. पंखे कधी कधी फिरतच नाहीत. घाबरावं का?
— एक पालक, नाशिक रोड

उत्तर : नाही. एनव्हिडियाच्या कित्येक कार्डांत ८३ हे ठरवलेलंच लक्ष्य असतं. तिथे पोचलं की कार्ड आपणहून वेग कमी करत ते धरून ठेवतं. पंखे फिरत नाहीत ते गेम बंद असताना ना? बऱ्याच कार्डांत पंखे साधारण ५०-६० अंशांपर्यंत बंदच ठेवलेले असतात. गेम चालू असताना पंख्यांपैकी एक जरी थांबलेला दिसला, तर कार्ड बंद करून दाखवायला न्या. आणि मुलाला गेमच्या सेटिंगमध्ये फ्रेम (दर सेकंदाला काढली जाणारी चित्रं) ६० वर बांधायला सांगा. त्याचा मॉनिटर ६० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ६० चित्रंच दाखवणारा असेल तर वरच्या फ्रेम त्याला दिसतच नाहीत, कार्ड मात्र त्यासाठी तापत राहतं.