आयस्टेदवोद : संमेलन की बैठक?

प्रश्न असा आला आहे : अठराव्या शतकातल्या वेल्सवरच्या लेखाचा अनुवाद करताना 'आयस्टेदवोद'ला (वेल्श कवी-गायकांच्या स्पर्धांच्या मेळ्याला) 'साहित्य संमेलन' म्हटलं तर चालेल का?

चालेल, पण मला रुचत नाही. संमेलन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे अध्यक्ष, मांडव आणि ठराव येतात. आयस्टेदवोदचा जीव आहे चुरशीत. कवी, गायक, वादक स्पर्धेला उतरतात आणि जिंकणाऱ्या कवीचा मान म्हणजे खुर्ची, अगदी चार पायांची. ११७६ साली वेल्समधल्या कार्डिगनच्या किल्ल्यात लॉर्ड रिस या तिथल्या सत्ताधीशानं भरवलेल्या मेळ्यातही बक्षीस खुर्चीचंच होतं.

आता शब्द फोडू. 'आयस्टेद' म्हणजे बसणं, 'बोद' म्हणजे असणं. समासात 'बोद'चा ब मऊ होऊन व झाला. गंमत म्हणजे दोन्ही धातू आपल्या घरातले. 'आयस्टेद'मध्ये संसद आणि सभासद यांतला 'सद्' बसलाय आणि 'बोद' हा आपल्या 'भू'चा चुलतभाऊ. वेल्श माणसानं 'एकत्र येणं' पाहिलं नाही, 'बसणं' पाहिलं. त्यासाठी मराठीत तयार शब्द आहे : बैठक. बैठकीची लावणी म्हणतो ना, तीच.

कुणी म्हणेल, बैठक तर ऑफिसात होते. होते, आणि गुत्त्यातही होते! अठराव्या शतकाचा बराच काळ आयस्टेदवोद म्हणजे अक्षरशः ओली बैठक होती. कधी, कुठे जमायचं ते वेल्श पंचांगांत छापून यायचं. मग मोजके कवी एखाद्या दारूच्या गुत्त्यात बसायचे, बिअरचे पेले समोर, आणि ऐनवेळी दिलेल्या विषयावर छंदात बांधलेल्या ओळींची झुंज. कलगी-तुऱ्याचे फड ऐकलेल्याला वेगळं समजवायला नको.

या बैठकीला सार्वजनिक रूप आलं १७८९ मध्ये. कॉर्वेन गावच्या टॉमस जोन्सनं लंडनमधल्या वेल्श मंडळींच्या 'ग्विनेदिगियोन' संस्थेचा पाठिंबा मागितला. हा जोन्स अबकारी खात्यातला. गुत्त्यांची ओळख आपसूकच असणार. मे महिन्यात कॉर्वेनला स्पर्धा झाली, पण परीक्षकांचं एकमत होईना. निकाल लंडनला गेला आणि ग्वाल्तेर मेखाइन हा कवी जिंकला. डेव्हिड सॅमवेलला ते मुळीच पटलं नाही. हा कॅप्टन कुकच्या शेवटच्या सफरीतला वैद्य. त्यानं हरलेल्या टूम ओर नान्तला चांदीची लेखणी दिली. टूम गाडीवान होता, गावोगाव लोकनाट्यं करायचा. माझंही मत त्यालाच.

म्हणून १७८९ पूर्वीच्या प्रसंगांना सरळ 'कवींची बैठक' लिहा. नंतरच्यांना पहिल्यांदा 'आयस्टेदवोद (काव्य-संगीताची स्पर्धा)' असं लिहून पुढे मूळ शब्दच ठेवा.

तुमच्या लेखात 'गॉर्सेद'ही, म्हणजे कवींची विधिवत सभा, येईलच. 'गॉर' म्हणजे वरचं, 'सेद' म्हणजे आसन. पुन्हा तोच सद्. कोशात 'सिंहासन' सापडेल, पण मी 'गादी' लिहीन. योलो मोर्गानुग नावाच्या पाथरवटानं १७९२ मध्ये लंडनच्या प्रिमरोझ हिलवर खड्यांचं रिंगण मांडून कवींची गॉर्सेद भरवली आणि हा प्राचीन ड्रुइडांचा (केल्टिक पुरोहितांचा) वारसा असल्याचं सांगितलं. विधी बहुतेक त्याच्याच डोक्यातले. पुढे १८१९ मध्ये वेल्समधल्या कार्मार्थेनला ही गादी आयस्टेदवोदला जोडली गेली, ती आजही जोडलेलीच आहे.