मुलाच्या हृदयाला छिद्र आहे. केशरी कार्डावर ऑपरेशन होईल, की खासगी विमा काढू?

केशरी कार्डावर महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून होतं. विमा काढायच्या नादाला आता लागू नका. आजार कागदावर आलाय, त्यासाठी कंपनी लगेच पैसे देणार नाही. पण तुम्ही लिहिलंय की घरचे "योजनेतलं नको, शेत विकू" म्हणतात, ते वाचून राहवलं नाही.

2015 मध्ये माझी मुलगी दीड वर्षाची होती. दूध पिताना दमायची, कपाळाला घाम फुटायचा, वजन वाढेना. सासूबाई दृष्ट काढत, मी टॉनिक पाजत होते. अंगणवाडीत मुलं तपासायला गाडी आली, त्यातल्या डॉक्टरबाईंनी छातीला नळी लावली, काढली, परत लावली. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातली ती तपासणी अंगणवाडीत वर्षातून दोनदा होते, शाळेत एकदा. 18 वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे. पुढे टू-डी इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, छिद्र दिसलं.

थोरले दीर म्हणाले, फुकटात करतात ते मन लावून करत नाहीत. दोन एकरांना गिऱ्हाईकही बघून आले. मी हट्टाला पेटले. ज्या सर्जनकडे ते पैसे भरून न्यायला निघाले होते, तोच त्याच टेबलावर योजनेतल्या मुलांची ऑपरेशनं करत होता! दिरांना मी त्या डॉक्टरांसमोर नेऊन बसवलं आणि विचारायला लावलं, की दोन्ही मुलांत फरक करता का. डॉक्टर म्हणाले, आत गेल्यावर कोणाचं कार्ड कोणतं हे मला माहीतही नसतं.

अडचण भलतीकडेच आली. मुलीचं नाव रेशनकार्डावर चढवलेलं नव्हतं. रुग्णालयाच्या खिडकीवरचा माणूस म्हणाला, नाव आणा नाहीतर पैसे भरा. आमचे हे पिशवी उचलून निघालेच होते. योजनेतल्या रुग्णांना मदत करायला रुग्णालयात आरोग्यमित्र असतो, त्याने थांबवलं. जन्मदाखला, आईबापांपैकी एकाचं कार्ड आणि त्याच्यासोबत मुलीचा फोटो, एवढ्यावर काम झालं. दोन दिवसांत मंजुरी आली. म्हणून सांगते, खिडकीवर वाद घालू नका, आधी आरोग्यमित्र गाठा.

तेव्हा योजनेला राजीव गांधींचं नाव होतं आणि कुटुंबाला वर्षाला दीड लाखाची मर्यादा. आता ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे, आयुष्मान भारतशी जोडलेली, मर्यादा 5 लाख. दोन एकर अजून आमच्या सातबाऱ्यावर आहेत. दीर मात्र आजही म्हणतात, पोरीचं नशीब चांगलं. मला ते पटत नाही. त्या बाईंनी नळी परत लावली नसती तर नशीब काय करणार होतं?

एक राहिलं. रुग्णालय योजनेत असून भागत नाही, तिथे लहान मुलांच्या हृदयाची ऑपरेशनं योजनेतून होतात का ते विचारा. योजनेच्या 155388 या हेल्पलाइनवर सांगतात. ओपीडीच्या खेपा, बाहेरची औषधं, सोबतच्यांचं राहणं-जेवण यांचे पैसे मात्र जवळ ठेवा. आमचे तेवढे गेलेच.