‘दंगल’ लिहू की ‘निदर्शने’?

प्रश्न : मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय राज्यशास्त्र. नागपूरच्या महाल भागात राहते. संध्याकाळी एका बातम्यांच्या पोर्टलसाठी इंग्रजी बातम्या मराठीत आणते. परवा परक्या फौजेच्या ताब्यातल्या एका गावची बातमी होती, लोक रस्त्यावर उतरल्याची. मी ‘निदर्शने’ लिहिलं, वरिष्ठांनी ‘दंगल’ केलं. विचारलं तर म्हणाले, “एकच आहे.” मला याच कामात पुढे जायचंय. बाबा म्हणतात, एमपीएससी कर. काय करू?

उत्तर : एकच नाही. तुला ते खटकलं, म्हणजे या कामाला लागणारा कान तुझ्याकडे आहे.

12 नोव्हेंबर 1991 ची गोष्ट सांगते. आग्नेय आशियातला पूर्व तिमोर 1975 पासून इंडोनेशियाच्या फौजेच्या ताब्यात होता. मारल्या गेलेल्या एका तरुणाच्या स्मरणार्थ ‘दिली’ या राजधानीच्या शहरात लोकांची मिरवणूक निघाली. ती सांताक्रूझ दफनभूमीपाशी पोचली आणि सैनिकांनी गोळ्या झाडल्या. लष्कराने आधी 19 मृत सांगितले. नंतरच्या मोजदादीत आकडा दोनशेच्या वर गेला. मॅक्स स्टाल या पत्रकाराने चित्रीकरणाची कॅसेट तिथल्याच एका थडग्यात पुरली आणि नंतर उकरून काढली. ती कॅसेट नसती तर जगाने लष्कराचाच शब्द उचलला असता.

शब्द निवडण्याआधी क्रियापद बघ. ‘गोळीबार झाला’ हे वाक्य आपण डोळे मिटून लिहितो. पाऊस झाला, तसा गोळीबार झाला! झाडणारा कोण, ते गायब. ‘सैनिकांनी मिरवणुकीवर गोळ्या झाडल्या’ असं लिहिलं की बातमी उभी राहते. ‘चकमक उडाली’ म्हणजे हत्यारं दोन्हीकडे होती. होती का? ‘जमाव’ लिहिलंस तर माणसं पुसली जातात. शिक्षक होते, दुकानदार होते, तर तसं लिही. ‘दंगल’ हा शब्द लोक जाळपोळ करत सुटतात तेव्हाचा. घोषणा देत चालणाऱ्यांना तो लावू नये.

पण उलटा मोहही टाळ. आपल्या विदर्भातल्या चिमूरचंच बघ. 16 ऑगस्ट 1942 ला लोकांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, आणि संतापलेल्या लोकांनी सरकारी अधिकाऱ्यांना ठार मारलं. मग लष्कर आलं. स्त्रियांवरच्या अत्याचारांच्या चौकशीसाठी गांधीजींचे अनुयायी प्रा. भन्साळी यांनी केलेलं उपोषण 63 दिवस चाललं. सरकारने त्या वर्षीच्या घटनांना ‘डिस्टर्बन्सेस’, म्हणजे नुसती गडबड, म्हटलं, आपण ‘चिमूरची क्रांती’ म्हणतो. मला आपला शब्द प्रिय आहे, तरी बातमी लिहिताना अधिकाऱ्यांचा मृत्यू मी गाळणार नाही. दगड पडले असतील तर दगड लिहायचे. कुणी, कधी, कशानंतर, तेही लिहायचं.

‘ताबा’ या शब्दालाही कायद्याचा आधार आहे. 1907 च्या हेग नियमांचं कलम 42 सांगतं की प्रदेश प्रत्यक्षात शत्रुसैन्याच्या अधिकाराखाली आला की तो व्याप्त, म्हणजे ताब्यातला. तिथल्या नागरिकांच्या संरक्षणासाठी 1949 चा चौथा जिनिव्हा करार आहे. म्हणून अशा बातमीत फौजेच्या कारभाराला नुसतं ‘प्रशासन’ म्हटलं, तर वाचकापासून मुख्य गोष्टच लपते. वरिष्ठांकडे हे कलम घेऊन जा. भांडायला नको, मूळ इंग्रजी बातमी समोर ठेव आणि विचार, “सर, यात दंगल कुठे आहे?”

आता शिक्षण. पत्रकारितेसाठी नागपूर विद्यापीठाचा जनसंवाद विभाग आहे, अमरावतीला आयआयएमसीची (भारतीय जनसंचार संस्थेची) मराठी पत्रकारितेची पदविका आहे. पण तुझा ओढा मला कायद्याकडेही दिसतो. सीईटी देऊन तीन वर्षांचं एलएलबी, मग आंतरराष्ट्रीय कायद्यात एलएलएम, असं गेलीस तर मानवी हक्कांच्या संशोधनात आणि दस्तावेजीकरणात काम करता येतं. वाट लांब आहे, सुरुवातीला पैसा बेताचा. मराठीत हे नीट लिहिणारी माणसं मात्र फार थोडी आहेत, आणि मला ती हवी आहेत.

बाबांना तोडून बोलू नकोस. राज्यसेवेची मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक आहे, लिहिण्याचा सराव तिथेही कामी येतो. दोन प्रयत्नांची मुदत त्यांच्याशी ठरवून घे, पोर्टलचं काम सोडू नकोस.

डिसेंबरात नागपूरला विधिमंडळाचं अधिवेशन भरलं की मॉरिस कॉलेज टी-पॉइंटला जा. तिथे पोलीस मोर्चे अडवतात. तो काही लष्करी ताबा नव्हे, पण बघून लिहायला चांगली जागा आहे. तासभर उभी राहा आणि पाहिलेलं दीडशे शब्दांत लिही, ‘झाला’, ‘झाली’, ‘झाले’ एकदाही न वापरता. मग ते मला पाठव.