मुलांना अ‍ॅलर्जीच्या सर्दीतून सायनसचं इन्फेक्शन होतं का?

होतं. तुमचा मुलगा ६ वर्षांचा, सकाळी उठल्या उठल्या शिंकांचा सपाटा, महिन्याभरात दुसऱ्यांदा पिवळा शेंबूड आणि घरचे म्हणतात गार खाण्याने झालं, असं तुम्ही लिहिलंय. हे शेवटचं वाचूनच उत्तर द्यायला बसले.

आमचं सासरचं घर गोव्यात डिचोलीकडे, कौलारू. गणपतीची चवथ जवळ आली की माळा साफ करायचा, गणपतीवर टांगायच्या माटोळीचं सामान नि वर्षभर गुंडाळलेल्या चटया खाली उतरवायच्या. त्याच दिवशी लेकीचं नाक गळायला लागायचं. पाण्यासारखं पातळ, डोळे लाल, आणि तळहाताने नाक खालून वर चोळत राहायची. चोळून चोळून नाकावर आडवी रेघ उमटली होती. पुढे शेंबूड घट्ट व्हायचा, आडवी झाली की ढास, तोंडाला वास. थोरल्या जाऊबाईंचं निदान ठरलेलं: "सोलकढी पाजतेस, मग दुसरं काय होणार?" गावातल्या दवाखान्यातून दर वेळी अँटिबायोटिक यायचं. चार दिवस बरं, की पुन्हा तेच.

सोलकढीचा काडीचा संबंध नव्हता. अ‍ॅलर्जीने नाकाचं अस्तर सुजतं, सायनसची, म्हणजे नाकाभोवतीच्या हाडांतल्या पोकळ्यांची, मुळात अरुंद असलेली तोंडं बुजतात, आतला स्राव बाहेर पडत नाही आणि त्या साचलेल्यात न्यूमोकोकस, हिमोफिलस असले जंतू वाढतात. अँटिबायोटिक जंतू मारतं, सूज तशीच राहते. मूळ आमच्या गादीत होतं. गोव्याच्या पावसाळ्यात कापसाच्या गादीला महिनोन् महिने ऊन लागत नाही, आणि ही अ‍ॅलर्जी ज्यांच्यामुळे होते त्या धुळीतल्या सूक्ष्म किड्यांना दमटपणाच हवा असतो. चादरी-उशांचे अभ्रे दर आठवड्याला कढत पाण्यात, ६० अंशांच्या आसपास, धुवा. माळा काढताना पोराला शेजारी पाठवा.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी नाकात मारायचा स्टेरॉइड स्प्रे दिला, तर घरात केवढा गहजब! "सवय लागेल." सवय लागते ती दुकानातून आणलेल्या, नाक झटकन मोकळं करणाऱ्या थेंबांची, ते आमच्याकडे कुणालाच खुपत नव्हते. स्टेरॉइड स्प्रेचा गुण यायला काही दिवस, कधी दोन आठवडेही लागतात. तो रोज मारावा लागतो, नळीचं टोक मधल्या पडद्याकडे नको, बाहेरच्या बाजूला हवं. लेकीची रात्रीची ढास त्यानेच थांबली.

एक्स-रे काढू का, असंही विचारलंय. साध्या त्रासात गरज नसते. या वयात कपाळातली सायनस पुरती तयारही नसते.

मात्र प्रत्येक पिवळा शेंबूड म्हणजे इन्फेक्शन नव्हे, साध्या सर्दीतही रंग बदलतो. मुलांच्या सायनसला साधी व्हायरल सर्दी अ‍ॅलर्जीपेक्षाही जास्त वेळा कारण ठरते, आणि कधी नाकामागच्या अ‍ॅडेनॉइडच्या गाठी वाढलेल्या असतात. त्यामुळे तपासून घ्याच. १० दिवसांनीही उतार नाही, बरी होत आलेली सर्दी उलटली, किंवा ३९ अंश सेल्सिअस (सुमारे १०२ फॅरनहाइट) ताप नि घट्ट शेंबूड सलग ३ दिवस, तर अँटिबायोटिक लागू शकतं. तेव्हा माझं ऐकून अडून बसू नका. डोळ्याभोवती सूज आली, डोकं असह्य दुखून उलट्या झाल्या, तर रात्र असली तरी थेट बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात) न्या.