फोन ठेवला की उत्तर आठवतं

प्रश्न : ताई नमस्कार. वय २५, पूर्व भागात राहतो. बाबा यंत्रमागावर कामाला, आई घरी विड्या वळते. घरात तेलुगू, दहावीपर्यंत शाळा मराठी, मग कम्प्युटर इंजिनीअरिंग. नंतर पुण्यात चार पोरांत रूम घेतली, क्लास लावला, इंटरव्ह्यू देत बसलो. दीड वर्षात ११ कंपन्या झाल्या. त्यातल्या ८ ठिकाणी ऑनलाइन टेस्ट निघाली, पण टेक्निकल राउंडला समोरचा माणूस स्क्रीनवर दिसला की माझं डोकंच बंद पडतं. शेवटच्या वेळी लिंक्ड लिस्टमध्ये लूप आहे का ते कसं शोधायचं एवढंच विचारलं, हे मी शंभरदा केलंय ताई, पण तोंडातून शब्द फुटेना, आणि कॉल संपल्यावर दहा मिनिटांत वहीवर पूर्ण सोडवलं. त्या दिवशी खूप रडलो. भाडं परवडेना म्हणून चार महिन्यांपूर्वी परत आलो. आता लॅपटॉप उघडावासा वाटत नाही. पहाटे तीनला जाग येते ती येतेच, जेवण जात नाही. चौकात मित्र भेटला की विचारतो, काय करायलास बे सध्या, म्हणून बाहेर पडणंच बंद केलं. आईला सांगितलंय की एका कंपनीचा सेकंड राउंड बाकी आहे. खोटं आहे ते. तिनं विड्या वळून शिकवलं आणि मी हा असा. कधीकधी वाटतं सकाळी जागच येऊ नये. मला प्रोग्रॅमिंग येतच नाही का? फील्ड बदलू का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : अरे, तू दोन प्रश्न विचारलेस आणि मी आधी तिसऱ्यालाच हात घालणार आहे, जो तू विचारलाच नाहीस, मधेच एका ओळीत टाकून पुढे गेलास. सकाळी जागच येऊ नये, हे वाक्य. असं वाटणाऱ्या माणसाला मी घाबरट म्हणत नाही की नाटकी म्हणत नाही, पण त्यानं ते एकट्यानं डोक्यात घेऊन फिरायचं नाही. आजच घरातल्या नाहीतर जवळच्या एका माणसाला हे याच शब्दांत सांग. तोंड उघडत नसेल तर १४४१६ लाव, टेलिमानस म्हणून सरकारची हेल्पलाइन आहे, ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, पैसे लागत नाहीत, रात्री तीनलाही लागते आणि मराठीत बोलता येतं. आणि विचार नुसतं "जाग येऊ नये" इथून पुढे सरकून कसं, कुठे असं डोक्यात यायला लागलं, तर मग हेल्पलाइन वगैरेवर थांबू नकोस, कुणालातरी सोबत घे आणि तडक सिव्हिलच्या कॅज्युअल्टीला जा, त्या रात्री एकटा राहू नकोस.

आता तुझी तब्येत. हो, तब्येतच म्हणतेय. मन दिवसचे दिवस खाली राहणं, आवडीच्या गोष्टीत रस न उरणं, पहाटे लवकर जाग, भूक जाणं, सारखी अपराधीपणाची बोच, हे सगळं जवळजवळ रोज आणि दोन आठवड्यांहून जास्त चाललं तर डॉक्टर डिप्रेशनचा विचार करतात, तुझे तर चार महिने झाले. पत्र वाचून आजाराचं नाव ठेवणं माझं काम नाही, त्यासाठी माणसाला समोर बसवून बोलावं लागतं, म्हणून सायकिअॅट्रिस्टला भेट. सिव्हिलमध्ये मानसोपचाराची ओपीडी आहे, खाजगी डॉक्टरांची फी झेपत नसेल तर तिथे जा. थायरॉइड आणि बी-१२ ची रक्ततपासणी करायची का तेही विचार, कारण या दोन्हींत गडबड असली तरी माणूस असाच गळून जातो आणि आपण मात्र स्वतःला आळशी म्हणत बसतो. गोळ्या दिल्या तर दोन गोष्टी लक्षात ठेव, डिप्रेशनवरच्या नेहमीच्या गोळ्यांचा फरक कळायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी जास्तही, आणि बरं वाटलं म्हणून त्या आपल्या मनानं एकदम बंद करायच्या नसतात. सवय लागते, मग आयुष्यभर खाव्या लागतात, हे कट्ट्यावरचं ज्ञान आहे, कट्ट्यावरच राहू दे.

आणि हो, पहाटे तीनला जाग आल्यावर "मला काय येतं, काय येत नाही" याचा हिशोब करायचा नाही. त्या वेळेचा हिशोब कुणाचाच बरोबर येत नाही, माझाही येत नाही.

आता तुझा प्रश्न, प्रोग्रॅमिंग येतं का नाही. तुझंच पत्र परत वाच की. ११ पैकी ८ टेस्ट तू एकट्यानं बसून काढल्यास. लूपचं उत्तर तू एकट्यानं दहा मिनिटांत काढलंस. अडलास कुठे, तर कुणीतरी बघत असताना. २०२० मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना स्टेट युनिव्हर्सिटीनं आणि मायक्रोसॉफ्टच्या लोकांनी मिळून नेमकं हेच तपासलं होतं. कम्प्युटर सायन्सचे ४८ विद्यार्थी घेतले, काहींना बोर्डसमोर उभं केलं, शेजारी बघणारा माणूस, वर बोलत बोलत सोडवा अशी अट, आणि बाकीच्यांना तसलाच प्रश्न देऊन खोलीत एकटं सोडलं. बघणाऱ्यासमोर ज्यांनी सोडवलं त्यांची कामगिरी एकट्यांच्या निम्म्याहूनही खाली गेली. म्हणजे कोड येणं आणि कोणीतरी टक लावून बघत असताना बोलत बोलत कोड लिहिणं ही दोन कामं आहेत रे, तू पहिल्याची तयारी दीड वर्ष केलीस आणि नापास होतोयस दुसऱ्यात, आणि तुझ्या बाबतीत त्यात इंग्रजीची भर, विचार तेलुगू-मराठीत आणि तोंडातून यायला पाहिजे इंग्रजी, मग डोकं अडकलं तर त्यात नवल काय.

मला स्वतःला लिंक्ड लिस्ट म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं, तुझ्या पत्रासाठी भाच्याला फोन केला. तो म्हणाला, मावशी, माहितीचे डबे रेल्वेसारखे एकापुढे एक जोडले की झाली लिंक्ड लिस्ट, आणि शेवटचा डबा परत मागच्याच एखाद्या डब्याला जोडला गेला की झाला लूप. आता सिद्धेश्वर तळ्याभोवती दोघं फिरायला निघाले असं समज, एक सावकाश, दुसरा बरोबर दुप्पट वेगानं. रस्ता गोल असेल तर जोरात चालणारा कधीतरी मागून येऊन सावकाश चालणाऱ्याला गाठणारच, आणि रस्ता सरळ कुठेतरी संपत असेल तर तो आधी टोकाला पोचेल आणि दोघांची भेट व्हायची नाही. झालं, एवढाच प्रश्न. मला कळलं! जे मला फोनवर तळ्याच्या भाषेत कळलं ते तुला येतंच, फक्त ते मोठ्यानं सांगायची सवय नाही.

तर ती सवय लाव, पण आत्ता लगेच नाही. पहिले दोन-तीन आठवडे अर्ज करणंच थांबव. डॉक्टर, झोप, जेवण, आणि सकाळी ठरलेल्या वेळी उठून बाहेर चक्कर, संभाजी तलावाकडे जा नाहीतर आपल्याच गल्लीच्या टोकापर्यंत जा, मूड आल्यावर जाईन म्हणशील तर मूड येत नसतो, आधी पाय हलतात मग तो मागनं येतो. थोडं सुटल्यासारखं वाटलं की रोज एकच प्रश्न घे, अवघड नको, येणाराच घे. आधी मराठीत मोठ्यानं सांग, मग तोच इंग्रजीत, मोबाइलचा कॅमेरा चालू ठेवून. आठवड्याभरानं पुण्यातल्या रूममेटपैकी एकाला व्हिडिओ कॉलवर नुसतं बघत बसायला सांग. पहिल्यांदा घाम फुटेल, फुटू दे, घरच्या घरी फुटलेला बरा. आणि खऱ्या इंटरव्ह्यूत डोकं बंद पडलं तर गप्प बसून राहू नको, मला एक मिनिट विचार करायला द्या म्हणायचं, ते वाक्य इंग्रजीत पाठच करून ठेव. बहुतेक वेळा देतात. नाही दिलं तर त्या माणसाच्या हाताखाली काम करायचं वाचलं.

११ नकार, हा आकडा तू स्वतःवर एकट्यावर लावून घेतलायस. थोडं बाजाराकडेही बघ. २०२३-२४ या एका आर्थिक वर्षात टीसीएस, इन्फोसिस आणि विप्रो या तिघांची मिळून माणसं ६० हजारांहून जास्त कमी झाली. जिथे सोडून गेलेल्यांच्या जागाच भरल्या जात नव्हत्या तिथे नवीन पोराला दार किती उघडणार होतं. आपल्या गावात तर हे समजावून सांगायची गरज नाही, इथल्या मिला बंद पडल्या तेव्हा कामगारांना माग चालवता येत नव्हता म्हणून थोड्याच पडल्या. अशाच काळात पैसे भरा, बॅकडोअरनं लावून देतो म्हणणारे पण भेटतात, त्यांच्या वाटेला जाऊ नकोस, आईचे पैसे आहेत.

फील्ड बदलायचं का? बदलता येईल, त्यात कमीपणा काही नाही, टेस्टिंग आहे, सपोर्ट आहे, डेटाचं काम आहे, अगदी वेगळंच काही असेल तर तेही. पण हा निर्णय आत्ताच्या मनःस्थितीत घेऊ नकोस. नीट झोपायला लागल्यावर घे.

राहिली आई. ते सेकंड राउंडचं खोटं तुला इंटरव्ह्यूपेक्षा जास्त खातंय असं मला पत्रावरून वाटतं. तिला खरं सांग. आपली आई अडाणी आहे, तिला कळणार नाही, असं मनात असेल तर ऐक. ती विड्या घेऊन कारखान्यात जाते तेव्हा तपासणारा त्यातल्या काही बाजूला काढतो की नाही? छाट. कधी वळणं चुकलेलं असतं, कधी पानंच खराब दिलेली असतात त्यांनीच, तरी छाट मात्र वळणारीच्या नावावर. ती चिडते, दोन शिव्या देते, आणि दुसऱ्या दिवशी परत सूप मांडीवर घेऊन बसते. नाकारलं जाणं म्हणजे काय हे तुझ्या घरात तुझ्याआधी तिला माहितीय.

प्रश्न : ताई, माझ्या धाकट्या मुलाचं पण असंच चाललंय, आयटीचे इंटरव्ह्यू देतो, होत नाही. खोलीतून बाहेर आला की आम्ही विचारतो काय झालं, तर अंगावर येतो. विचारायचं नाही का मग? आणि जिवाचं काही बरंवाईट करेल का अशी भीती वाटते, पण तसं विचारलं तर नसलेलं डोक्यात भरवल्यासारखं होईल ना?
— एक आई, जुळे सोलापूर

उत्तर : नाही होत वहिनी, उलट आहे. मरावंसं वाटतं का रे, असं सरळ आणि शांतपणे विचारल्यानं तो विचार कुणाच्या डोक्यात शिरत नाही, ज्याच्या डोक्यात आधीच असतो त्याला मात्र बोलायला वाट मिळते. विचारा, पण उत्तर आल्यावर रडारड किंवा देवाची शपथ नको, ऐकून घ्या आणि डॉक्टरकडे सोबत जा. वर दिलेला १४४१६ नंबर घरच्यांसाठीपण आहे.

इंटरव्ह्यूचं मात्र खोलीच्या दारात उभं राहून विचारू नका, आठवड्यातली एक वेळ ठरवा, रविवारी दुपारी म्हणा, बाकीचे सहा दिवस तो विषय घरात बंद, मिस्टरांनाही बंद, आणि शेजारच्यांच्या पोराचं पॅकेज तर कायमचंच बंद. बदल्यात एक करा. तुम्ही भाकरी थापत असाल तेव्हा त्याला कट्ट्यापाशी बोलवा आणि म्हणा, त्या कॉम्प्युटरमधलं एखादं मला समजावून सांग बघू. कळलं नाही तरी मधे थांबवू नका. तो बोलत असताना तुमचं लक्ष तव्याकडे असेल, ते त्याच्या पथ्यावरच पडेल.