जुना फ्लॅट आधी विका, मग नव्याचं बुकिंग

प्रश्न : कोल्हापुरात कसबा बावड्यातला दोन बेडरूमचा फ्लॅट मी २०११ च्या डिसेंबरात स्वतःच्या नावावर घेतला, स्टॅम्प ड्युटीसकट १८ लाखांना. कर्ज फिटलं आहे. आता ४८ लाखांचं गिऱ्हाईक आलंय, पण त्यातले १० लाख रोख देतो म्हणतं. जरगनगरला बांधकाम सुरू असलेला तीन बेडरूमचा फ्लॅट ७२ लाखांना बघितलाय, ताबा दोन वर्षांनी. बिल्डर म्हणतो, महिनाअखेर १५ लाख भरा, करारपत्र नंतर करू, पुढच्या महिन्यात दर वाढणार. ठेव १४ लाख, दोघांचा मिळून हातात येणारा पगार ९५ हजार. बुकिंग करून टाकू का? स्टॅम्प ड्युटी वाचावी म्हणून फ्लॅट पत्नीच्या नावावर घ्यावा का?

उत्तर : महिनाअखेरचं बुकिंग करू नका. बिल्डरची मागणीच कायद्यात बसत नाही. नोंदणीकृत करारपत्राआधी किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घ्यायला रेरा, म्हणजे बिल्डरांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्यात मनाई आहे. ७२ लाखांवर ती ७ लाख २० हजार होते. पहिल्याच पावलाला हा नियम बाजूला ठेवणारा माणूस पुढे ताब्याची तारीख कितपत पाळेल, हे तुम्हीच ठरवा. महारेराच्या, म्हणजे हा कायदा राबवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाकून पूर्णत्वाची तारीख, घेतलेली मुदतवाढ आणि जमिनीवरचा बोजा बघा. तोंडी सांगितलेली तारीख धरायची नाही.

दर वाढतील का? मागणी आहे, हे खरं. ऑगस्ट २०२५ मध्ये उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं आणि त्याच वर्षी रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो) साडेसहावरून सव्वापाच टक्क्यांवर आला. पण म्हणून चार आठवडे थांबल्याने घर हातचं जात नाही. जुना फ्लॅट विकला न जाता नवं कर्ज डोक्यावर बसलं, तर मात्र खरोखर अडकाल.

नव्या फ्लॅटचा खरा खर्च मांडू. ७२ लाखांवर पाच टक्के जीएसटी ३ लाख ६० हजार, कॉर्पोरेशन हद्दीत सहा टक्के स्टॅम्प ड्युटी ४ लाख ३२ हजार, नोंदणी ३० हजार. एकूण ८० लाख २२ हजार. बँक किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंत, म्हणजे ५७ लाख ६० हजार देईल. स्टॅम्प ड्युटी आणि नोंदणीचा खर्च त्यात धरला जात नाही. तेवढं कर्ज आठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतलंत, तर पूर्ण वाटप झाल्यावर हप्ता ४८ हजारांवर जातो, म्हणजे निम्मा पगार. जुना फ्लॅट आधी विकून, ठेवीतले ६ लाख अडीअडचणीला बाजूला ठेवले, तर २५ लाखांचं कर्ज पुरतं आणि पंधरा वर्षांचा हप्ता २४ हजारांच्या आत बसतो.

आधी विकलं की दोन वर्षं भाड्याने राहणं आलं. महिना १४ हजार धरले तरी ३ लाख ३६ हजार. भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा दाखला) मिळालेल्या तयार फ्लॅटला जीएसटी नाही आणि भाडंही नाही. सगळा हिशेब जमवला, तर साडेअठ्ठ्याहत्तर लाखांचा तयार फ्लॅट तुम्हाला या ७२ लाखांच्या फ्लॅटएवढ्यातच पडतो. मी तुमच्या जागी आधी तयार फ्लॅटच धुंडाळले असते.

रोख १० लाखांना स्पष्ट नाही म्हणा. करारात किंमत ३८ लाख दाखवली, तर गिऱ्हाइकाची स्टॅम्प ड्युटी ६० हजारांनी वाचते. तुमचं काय वाचतं? काहीच नाही. घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेतली, तर घेतलेल्या रकमेएवढा दंड होऊ शकतो, आणि तो घेणाऱ्याला, म्हणजे तुम्हाला. शिवाय हे १० लाख बिल्डरला चेकने कसे देणार?

कराचं गणित तुमच्या बाजूने आहे. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घराला दोन पर्याय आहेत. साधा नफा ३० लाख, त्यावर साडेबारा टक्के, म्हणजे ३ लाख ७५ हजार. किंवा महागाई निर्देशांक लावून (२०११-१२ चा १८४, २०२५-२६ चा ३७६) खरेदी किंमत ३६ लाख ७८ हजार धरायची, नफा ११ लाख २२ हजार, त्यावर वीस टक्के, म्हणजे सुमारे २ लाख २४ हजार. त्यावरचा सेस, म्हणजे उपकर, वेगळा. नफ्याचे ३० लाख नव्या घरात गुंतले, तर हाही कर लागत नाही. तयार घर विक्रीच्या आधी एक वर्ष ते नंतर दोन वर्षांत घ्यायचं, बांधकाम असेल तर तीन वर्षांत पूर्ण व्हायला हवं. आयकर विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत न वापरलेली रक्कम बँकेच्या भांडवली नफा खात्यात ठेवा. नवं घर तीन वर्षं विकू नका.

याच कारणाने एकट्या पत्नीच्या नावावर घेऊ नका. एक टक्का सवलतीचे ७२ हजार वाचतील, पण सवलत सगळे खरेदीदार महिला असतील तरच मिळते, आणि नफा तुमच्या नावावर असताना घर फक्त पत्नीच्या नावावर असलं तर करसवलतीवरून वाद उद्भवतात. दोघांच्या नावावर घ्या आणि ३० लाख तुमच्याच खात्यातून जाऊ द्या. नवी करप्रणाली असेल, तर राहत्या घराच्या व्याजाची वजावट मिळत नाही, ती हिशेबात धरू नका.

विक्री पावसाळ्यापूर्वी उरका. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा ४३ फुटांच्या धोका पातळीकडे सरकली की बावड्यातलं गिऱ्हाईक पाठ फिरवतं. २०१९ आणि २०२१ ला पार्किंगमध्ये पाणी आलं असेल, तर लपवू नका, शेजारी सांगतातच. इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या खरेदीचा उतारा), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट आणि ना-हरकत, घरफाळ्याची पावती, कर्जफेडीचा दाखला एकत्र करा. गिऱ्हाइकाचं कर्ज मंजूर झाल्यावर विसार घेऊन साठेखत (विक्रीचा आधीचा करार) नोंदवा, खरेदीखताला ९० दिवस द्या, आणि भाड्याची सोय होईपर्यंत ताबा तुमच्याकडे राहील असं कलम घाला. नव्या फ्लॅटचं साठेखत त्यानंतर. तिथे प्रत्येक हप्त्यातून एक टक्का टीडीएस (बिल्डरच्या नावे आधीच कापायचा आयकर) कापून, कापल्याचा महिना संपल्यापासून तीस दिवसांत भरायचा असतो. उशीर झाला तर रोज २०० रुपये शुल्क तुमच्या नावावर चढतं.