नख काढून आठ दिवस झाले, तरी अंगठ्यातून पिवळं पाणी येतंय. पू झालाय का?

तुम्ही लिहिलंय की पायाच्या अंगठ्याचं आत रुतलेलं नख एका कडेने काढलं, मुळाशी डॉक्टरांनी औषध लावलं, दुखणं बरंच कमी झालं, पण आठव्या दिवशीही पट्टी पिवळसर ओली होते. ड्रेसिंग घरी कसं करायचं आणि बूट कधी घालायचे, हेही विचारलंय.

या वर्णनावरून पू वाटत नाही. मुळाशी लावलेलं औषध बहुधा फिनॉल असणार. नखाची ३-४ मिलिमीटरची कड काढल्यावर ती पुन्हा उगवू नये म्हणून तिचं मूळ फिनॉलने जाळतात. म्हणजे तिथे मुद्दाम केलेली भाजल्याची जखम आहे आणि भाजलेल्या जागेतून पाणी हे येणारच. साधारण २ ते ४ आठवडे येतं, कधी सहाही लागतात. फिनॉल न लावता नुसतं नख काढलं असतं तर जखम लवकर सुकली असती, पण नख पुन्हा रुतण्याची भीती बरीच जास्त राहिली असती.

हे पाणी पातळ, फिकट पिवळं, क्वचित किंचित लालसर असतं आणि दुखणं दिवसागणिक उतरत जातं. पू दाट असतो, बहुतेक वेळा घाण वास येतो आणि उतरलेला ठणका पुन्हा चढतो. कडेलगत थोडा गुलाबीपणा चालतो. शंका असेल तर लाली जिथे संपते तिथे बॉलपेनने रेघ मारून ठेवा. दुसऱ्या दिवशी लाली रेघेबाहेर सरकली, पावलावर लाल पट्टा दिसला किंवा ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या मात्र स्वतःहून सुरू करू नका. फिनॉलचं पाणी त्यांनी थांबत नाही.

ड्रेसिंग दिवसातून एकदा करा, पट्टी भिजली तर दोनदा. अर्धा लिटर पाणी उकळून कोमट होऊ द्या आणि त्यात एक लहान चमचा मीठ घाला. गॉज चिकटलं असेल तर ओढू नका, नवी तयार झालेली त्वचा त्याच्याबरोबर निघून येते. पट्टीसकट पाय पाण्यात ठेवा, ५ ते १० मिनिटांत ती आपोआप सुटते. मग स्वच्छ गॉजने टिपून घ्या, नखाची कड काढलेल्या खाचेतला ओलावासुद्धा. पुसायचं नाही, टिपायचं. त्यावर पॅराफिन गॉजचा (जखमेला न चिकटणारी मेणचट जाळीदार पट्टी) लहान तुकडा किंवा डॉक्टरांनी दिलेल्या मलमाचा पातळ थर, वर कोरडं गॉज. चिकटपट्टी तिरपी लावा. अंगठ्याभोवती घट्ट पूर्ण वेढा दिला की संध्याकाळी सूज आल्यावर त्याचाच फास बसतो. अंगठा पांढरा-निळा पडला किंवा बधिर झाला तर पट्टी लगेच सोडा.

डेटॉल, हायड्रोजन पेरॉक्साइड रोज लावू नका, नव्या पेशींनाही ती जाळतात. आणि कळकळीने सांगते, हळद भरू नका. खाचेत ती पाण्याबरोबर घट्ट बसते, निघता निघत नाही आणि खालची लाली तपासणाऱ्याला दिसतच नाही.

मधुमेह असेल, पायाला मुंग्या येत असतील किंवा रक्तपुरवठा कमी असेल, तर पाय पाण्यात बुडवण्याआधी डॉक्टरांना विचारा. अशा पायाला चटका बसला तरी कळत नाही. पाणी किती गरम आहे ते कोपराने पाहा, पायाने नाही.

दुखण्यासाठी बहुतेकांना पॅरासिटामॉल पुरतं. बसताना पाय उशीवर ठेवा, खाली लोंबकळत राहिला की ठणकतो.

पाणी थांबेपर्यंत पुढून उघडी सँडल वापरा. अंगठा असलेली कोल्हापुरी किंवा चप्पल नको, चपलेचा तो अंगठा जखमेच्या कडेलाच घासतो. पावसात बाहेर पडावंच लागलं तर पायावर प्लॅस्टिकची पिशवी बांधा, पण पोचल्याबरोबर काढा, आत घामाने पट्टी भिजते. बंद बूट पट्टी कोरडी राहायला लागल्यावरच, तेही पुढून रुंद. पळणं, फुटबॉल, पोहणं त्यानंतर.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात खाचेत लालभडक, ओलसर, हात लावताच रक्त येणारं मांस वाढलेलं दिसू शकतं. घरी कापू-खरडू नका. डॉक्टर सहसा त्यावर सिल्व्हर नायट्रेट, म्हणजे वाढलेलं मांस जाळणारं औषध, लावतात.

पायाचं नख महिन्याला जेमतेम दीड मिलिमीटर वाढतं आणि तुमचं आता कायमचं थोडं अरुंद राहील. ते सरळ कापा, कोपरे गोल करू नका, कोपरा त्वचेबाहेर दिसत राहिला पाहिजे. काही महिन्यांनी त्या कडेला काट्यासारखं बारीक नख टोचू लागलं, तर मुळाचा एखादा कण शिल्लक राहिलाय. नेलकटरने कोरत बसू नका, ज्यांनी नख काढलं त्यांनाच दाखवा.